तीन हात डावीकडे

कोळीवाडा, ता. मुरुड
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मैना हिस अनेक आशीर्वाद.

टण्ण. मग एक श्वास. मग टण्ण टण्ण टण्ण, थांबायचं नावच नाही.

पितळेच्या परातीवर लोखंडी पळी. आज सकाळी दाढी करताना हा आवाज आला आणि मी साबण लावलेल्या तोंडानेच ओटीवर येऊन उभा राहिलो. बाहेर काहीच नव्हतं. जाळी वाळत होती, मांजर बसलं होतं. सुनेला विचारलं, "रुचिका, परात कोण वाजवतंय?" ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडं परात हाय कुठं? कानाचं मशीन लावा." मशीन लावलं तर आवाज बंद. म्हणजे तो बाहेरचा नव्हताच. एकोणीसशे सहासष्टचा होता.

ओळखलास ना? होळीच्या दुसऱ्या दिवसाची खाडीची शर्यत. पलीकडच्या खडकावरून निघायचं आणि आपल्या धक्क्याच्या दगडाला हात लावायचा. पहिला हात लागला की परात. त्या वर्षी परात तुझ्या हातात होती. तू अकरा वर्षांची, परकर खोचून उभी. मी चौदाचा. माझा हात दगडाला लागला आणि टण्ण! गेली एकोणसाठ वर्षं मी त्या आवाजावर जगतोय म्हटलं तरी चालेल. लाँचच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली, पण मनात कायम होतं, की हा नुसता तिकीट मास्तर नाही, हा खाडी जिंकलेला माणूस आहे.

आता बातमी. हसू नकोस. मी पोहायच्या स्पर्धेला निघालो आहे. १४ डिसेंबर, नाशिक. राज्यभरातले म्हातारे येणार. भाविकाने पनवेलहून फोनवरच फॉर्म भरला आणि मग इथे आली तेव्हा मला विचारलं. नातीचं हे असं असतं. स्पर्धेचं नाव 'मास्टर्स'. मी तिला म्हटलं, "अगं, ही शाळामास्तरांची असेल, तिकीट मास्तर चालतो का?" ती पोट धरून हसली. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयोगट, पन्नास मीटर. आपल्या खाडीच्या मानाने गटार ओलांडण्याइतकं.

आणि मंडळाचा कमलेश माझा फ्लेक्स लावणार आहे, एसटीच्या थांब्यावर. 'खाडीचा राजा, १९६६च्या शर्यतीचे विजेते, श्री. रामचंद्र'. पण पोरगा चिकित्सक. म्हणतो, "आजोबा, साक्षीला कोण? उगाच कोणी नंतर फाटे फोडायला नको." मी बोटं मोजली. त्या दिवशी धक्क्यावर असलेले सगळे गेले. उरलो तिघं. मी, तू, आणि तुझे यजमान. त्या हरलेल्या गड्याला काय विचारायचं? तेव्हा तू दोन ओळी लिहून पाठव. 'रामदादाचा हात लागला तेव्हा परात मी वाजवली.' बस्स, एवढंच.

फोन करू नकोस. फोनमध्ये मला नुसता वारा ऐकू येतो.

आपल्या गुरुजींची ती रचना आठवते? स्वतःच करायचे आणि आपल्याकडून चालीवर घोकून घ्यायचे.
खाडीबाई, खाडीबाई, कुठं तुझं घर?
सहा तास डोंगरापाशी, सहा तास सागरावर.
परवापासून तोंडात तेवढंच आहे.

तुझा
रामदादा


तळा
१७ नोव्हेंबर २०२५

ती. रामदादास मैनाचा नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमन दुपारी दोनला येतो तेव्हा हे झोपलेले असतात, म्हणून बरं. तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवते.

दादा, तुझं वय काय, तू निघालास कुठं? नाशिकला डिसेंबरात थंडी किती असते ठाव हाय? टाकीतलं पाणी कोण तापवून ठेवणार हाय तुझ्यासाठी? स्वेटर घे, कानटोपी घे, रुचिकाला सुंठ-गुळाच्या वड्या करायला सांग. भाविका पोर गुणी हाय, पण तिला म्हणावं, आजोबा म्हणजे काय खेळणं न्हाय.

परातीचं म्हणशील तर मला नीट आठवत न्हाय. लहान होते मी. आणि एवढ्या जुन्या गोष्टीचा बॅनर कशाला? नुसतं नाव लिहा, फोटो लावा, शुभेच्छा म्हणा. साल कशाला, शर्यत कशाला?

इकडं सगळं ठीक. ह्यांचे गुडघे धरलेत. डेपोत चाळीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली, त्याची भरपाई. परवा धाकटी नात दिशा ह्यांना म्हणाली, "आजोबा, मला पोहायला शिकवा ना, शाळेची सहल हाय." तर हे म्हणाले, "मला न्हाय येत पोहता." मी चुलीपाशी होते. माझा हात तसाच राहिला.

मागं बाबा गेले तेव्हासुद्धा हे तुमच्या वरच्या रस्त्यावर थांबले होते, खाली धक्क्याकडं उतरले न्हाईत. तुला वाटलं आखडूपणा. असू दे.

फ्लेक्सवर शर्यतीचं लिहू नको. ऐक माझं.

तुझी
मैना


पनवेल, भाविकाच्या घरून
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मैना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वेगळं लागलं. आठवत नाही म्हणतेस? ज्या मुलीने गुरुजींच्या पंचवीस रचना बोटावर मोजून म्हणून दाखवल्या, तिला परात आठवत नाही?

मग मला वाटलं, तू रागावली आहेस. तुझ्या लग्नात मी मांडवात सदाला बोललो होतो त्याचा राग. "खाडीत मागे राहिला, पण मांडवात पहिला आला!" सगळे हसले. सदाही हसला होता, मी पाहिलं होतं. त्यानंतर तो आपल्या घरी पाणी प्यायलाही थांबला नाही. तेवढ्या एका वाक्याचा पन्नास वर्षं राग धरायचा? बरं, माझं चुकलं. सांग त्याला. नाहीतर नको सांगू. तुला ठरवता येत नसेल तर मलाही येत नाही.

मी इथे सरावाला आलो आहे. मैने, तलावाचं पाणी मेलेलं आहे. त्याला वास नाही, चव नाही, ते कुठे जात नाही, कुठून येत नाही. आणि अंगाला धरून ठेवत नाही. आपलं खारं पाणी कसं पोटाखाली हात घालतं! यात मी दगडासारखा जड. भाविका म्हणते, "आजोबा, डोकं पाण्यात घाला, खालची काळी रेघ बघा." मी म्हटलं, "डोकं खाली घातलं तर माड कसा दिसणार?" "कुठला माड?" "ज्याच्यावर नजर धरून पोहायचं तो." तिने कपाळाला हात लावला. इथे माड नाही. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. मी घड्याळावर नजर धरतो. त्याने आणखी गोंधळ होतो, कारण काटा सरकतो.

खरी गोष्ट वेगळीच आहे, म्हणून लिहितोय. पाण्यात असलो की ती शर्यत डोळ्यांसमोर येते, पण ओळी मागेपुढे होतात. कविता म्हणताना तिसरी ओळ दुसरीच्या आधी आली की गुरुजी पाठमोरे असले तरी थांबवायचे, तुला आठवत असेल. "रामचंद्रा, परत!" तसं झालं आहे. मी कायम अशी म्हणत आलो: दगड, मग परात. पण पाण्यात उतरलं की आधी परात ऐकू येते. मग सदा दिसतो. माझ्या डाव्या अंगाला, पाण्यात उभा, पोहणं थांबवून काठाकडे बघत. चेहरा असा, की बाजारात आला आणि काय घ्यायला आलो तेच विसरला. मी त्याच्या बाजूने पुढे जातो. आणि मग दगड.

दमला असेल, दुसरं काय? पण परात आधी कशी?

वय झालं. कमलेशचा फ्लेक्स छापून आला. शर्यतीसकट. तुझ्या दोन ओळींची वाट बघत बसलो तर स्पर्धा होऊन जाईल.

रामदादा


(पोस्टकार्ड)

तळा, ६ डिसेंबर

दादास नमस्कार. पत्र पनवेलच्या पत्त्यावर टाकतेय, स्पर्धेआधी मिळावं म्हणून. हे उघडं कार्ड हाय, सगळं लिहिता येत न्हाय. मी रागावलेली न्हाय. लग्नातल्या बोलण्याचं तर मुळीच न्हाय, ते बोलणं माझ्यामुळं झालं. पाण्यात उतरण्याआधी छातीला पाणी लाव. जपून पोह. आल्यावर सांगीन. मैना.


पनवेल
१६ डिसेंबर २०२५

चि. सौ. मैना,

'ते बोलणं माझ्यामुळं झालं' म्हणजे काय? मी बोललो, मी. तू तर मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसली होतीस. कार्ड खिशात घालून नाशिकला गेलो, बसमध्ये तीनदा काढून वाचलं. भाविका म्हणाली, "आजोबा, तुमचा स्टार्ट टाइम त्यात लिहिलाय का?"

स्पर्धेचं ऐक. खूप माणसं. पोटं सुटलेली, पाठी वाकलेली, पण सगळ्यांच्या डोक्याला रबरी टोप्या. माझीही टोपी निळी, भाविकाने घट्ट ओढून बसवली, भुवया वर गेल्या. आरशात पाहिलं तर मला सतत आश्चर्य वाटतंय असा चेहरा. शेजारी नागपूरचे एक वकील होते, ऐंशीचे. म्हणाले, "मास्तर, पहिल्यांदाच का? घाबरू नका, इथं सगळे आधी घरच्यांशी भांडून आलेत." कान काढून ठेवावे लागले, म्हणजे मशीन. त्यामुळे पुढचं सगळं मुकं.

मला पाचवी लेन दिली. चौथीतल्या माणसाचं नाव पुकारलं म्हणे, आला नाही. म्हणजे माझ्या डाव्या अंगाला रिकामं पाणी.

हात वर झाला, सगळे सुटले, मीही सुटलो. मैने, पहिले वीस हात मी चौदा वर्षांचा होतो, देवाशपथ. मग काय झालं ते मला कळलं नाही, भाविकाने नंतर सांगितलं. मी तिरका गेलो. सावकाश, छान, डावीकडे. दोरीला अडलो, दोरीखालून मुंडकं काढलं आणि चौथ्या लेनमधून शेवटपर्यंत पोहून भिंतीला हात लावला. वर पाहिलं तर पांढऱ्या कपड्यांतल्या बाई हात आडवा करून उभ्या.

बाद.

बाई चांगल्या होत्या. मशीन लावल्यावर जवळ बसून म्हणाल्या, "आजोबा, सरळ जायचं असतं." मी म्हटलं, "बाई, सरळ गेलो असतो तर समुद्रात गेलो असतो." त्यांना कळलं नाही. तुला कळेल. पुनवेच्या ओहोटीत आपल्या खाडीला दगडावर नेम धरून कोणी पोहत नाही. पाणी उजवीकडे ओढतं, म्हणून दगडाच्या तीन हात डावीकडे धरायचं, म्हणजे बरोबर दगडाला लागतो. हे माझ्या अंगाला ठाऊक आहे, डोक्याला विचारायची पाळीच येत नाही. पण तलावात ओढणारं कोणी नव्हतं. म्हणून मी तीन हात डावीकडेच पोचलो.

बसमध्ये भाविका झोपली आणि मी विचार करत बसलो. मला वाटतं मी ओहोटीमुळे तिरका गेलो नसेन. डावीकडे सदा असायचा. ती लेन रिकामी होती, ते मला बघवलं नसेल. की हेही मी आत्ता रचतोय? काही कळत नाही. तू काय सांगणार होतीस ते सांग. आता छातीला पाणी लावून झालंय.

रामदादा


तळा
२० डिसेंबर २०२५

ती. रामदादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग रडू आलं, ह्यांना सांगितलं, कांदा चिरतेय.

सांगते. मधे थांबू नको, एका दमात वाच.

शर्यतीच्या सकाळी तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? परात माझ्या हातात देऊन म्हणालास, "मैने, पुढचं डोकं दिसलं की वाजव. पुढचा मीच असणार." मोठी माणसं सगळी मागं नाचत होती, ढोल चालला होता, धक्क्याच्या टोकाला मी एकटी. उन्हानं पाणी असं चकाकत होतं की डोळे उघडेनात. सहा जण निघालात. चार मागंच राहिले. पुढं दोन डोकी, लांबून नारळासारखी. पुढचं डोकं जवळ आलं, दगडापासून पंधरावीस हातांवर. मला वाटलं तूच. तूच म्हणाला होतास ना. मला एवढा आनंद झाला दादा, की हात लागायची वाट मी पाहिलीच न्हाय. वाजवली.

ते पुढचं डोकं ह्यांचं होतं.

परात ऐकून हे थांबले. ह्यांना वाटलं, कोणाचा तरी हात लागला, शर्यत संपली. पाण्यात उभे राहून बघत राहिले. तेवढ्यात मागून तू आलास. तुझ्या कानात तेव्हाही पाणीच असायचं. तू थांबला न्हाईस. मी भीतीनं वाजवतच राहिले, थांबले असते तर कळलं असतं ना सगळ्यांना. मोठी माणसं धावत आली तेव्हा तुझा हात दगडावर होता आणि परात वाजत होती. झालं.

तुझ्या ओळी मागेपुढे झालेल्या न्हाईत. पाण्यात ऐकतोस तीच बरोबर हाय.

आता पुढचं. तेवढ्यानं भागलं असतं तर मी हे एवढं मनात ठेवलं नसतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला एकदाच विचारलं. जेवताना. "मैना, परात वाजली तेव्हा राम कुठं होता?" मी म्हटलं, "दगडापाशी." हे म्हणाले, "मग नंतर माझ्या बाजूनं गेला तो कोण?" मी म्हटलं, "असेल कोणी. तुमच्या डोळ्यांत पाणी गेलं असेल." ह्यांनी मान हलवली आणि भात कालवला. परत कधी विचारलं न्हाय. पण दादा, त्या दिवसापासून ह्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला न्हाय. चावी लावली की दोनदा ओढून बघतात. रस्ता ओलांडताना मला विचारतात, गाडी येतेय का गं? डेपोत एवढा कसबी माणूस, पण नट आवळला की दुसऱ्याला हात लावून बघायला लावायचे. लोक म्हणायचे सावध हाय. मला ठाव हाय काय हाय ते.

मी सांगायला हवं होतं. रोज ठरवलं. एवढ्या वर्षांनी सांगितलं तर हे काय म्हणतील, याची भीती न्हाय. काहीच म्हणाले न्हाईत तर, याची हाय.

तू सांगू नको. मीच सांगीन, मला जरा वेळ दे.

मी गुरुवारी पालीला प्रणालीकडं जातेय, लेकीच्या घरी पूजा हाय, ५ जानेवारीला येईन. तोवर तळ्याला पत्र टाकू नको, ह्यांच्या हातात पडेल. पत्ता मागं लिहिलाय.

मैना


कोळीवाडा
२७ डिसेंबर २०२५

मैने,

काल पत्र मिळालं. मी धक्क्यावर जाऊन दगडाला हात लावून बसलो. शेवाळ आहे, कालवं आहेत, बाकी तोच. ओहोटी होती. अख्खे सहा तास संपेपर्यंत बसलो.

आठवलं. 'पुढचं डोकं दिसलं की वाजव, पुढचा मीच असणार.' माझंच वाक्य. माझ्याच आवाजात, फुटत चाललेल्या त्या आवाजात. हे मी कसं विसरलो? बाकी सगळं पाठ ठेवलं, उन्हाचा रंग, परकराची नक्षी, आणि नेमकी माझी ओळ गाळली. गुरुजींनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तू चुकलीस म्हणू नकोस. अकरा वर्षांच्या मुलीला मी जे पढवलं ते तिने केलं.

आता माझं डोकं चालत नाही, पण दोन गोष्टी लिहितो, त्या पक्क्या आहेत. एक, ती शर्यत सदाची. पंधरावीस हात राहिले होते म्हणून काय झालं, मी त्याला गाठलं नसतं, जन्मात नसतं. दोन, त्याला सांग, तुझे डोळे बरोबर होते. बाजूने गेला तो मीच. पाणीबिणी काही गेलं नव्हतं. तू जे पाहिलंस तेच झालं होतं, सदा. आणि मांडवात जे बोललो ते मी जिंकलेला होतो म्हणून नाही, चोरलेलं धन मोठ्याने दाखवावं लागतं म्हणून बोललो असेन. माहीत नव्हतं तरी अंगाला माहीत असेल. तलावात अंगानेच मला त्या रिकाम्या लेनमध्ये नेलं.

हे मी सदाला लिहितोय की तुला? पान कुणाचं ते मला समजेना. तूच वाच आणि ठरव.

कमलेशला सांगून फ्लेक्स उतरवला. तो म्हणाला, "बाद झालात म्हणून का, आजोबा? अहो, पुढच्या वर्षी जाऊ." त्याला काय सांगणार! कापड चांगलं आहे म्हणून त्याने ते होडीवर पांघरलंय. माझं तोंड आतल्या बाजूला.

रामदादा


कोळीवाडा
३ जानेवारी २०२६, सकाळी दहा

चि. सौ. मैना हिस, मु. पाली,

माझ्या हातून घात झाला आहे. आधी तेच लिहितो.

२७ तारखेचं पत्र मी तळ्याला टाकलं. सवयीने पत्ता लिहिला, सवयीने पेटीत सोडलं आणि घरी येऊन शांत झोपलो. परवा तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं आणि शेवटच्या ओळी आल्या. तळ्याला पत्र टाकू नको. मी चष्मा पुसून वाचलं. तशाच उभ्याने पेटीकडे गेलो, फटीतून आत हात घालून पाहिला. म्हातारा पेटीत हात अडकवून उभा आहे हे बघून शाळेतली मुलं जमली. पेटी रिकामी. पोस्टातल्या गणराजला विचारलं, तो म्हणाला, "आजोबा, ती पिशवी तर सोमवारीच गेली. एव्हाना पोचून शिळी झाली असेल."

म्हणजे दुपारी दोनला पोस्टमन आला असेल. तू नव्हतीस. सदाने दार उघडलं असेल. माझं अक्षर तो ओळखतो, एका बाकावर बसलो आहोत आम्ही. त्याने ते तांदळाच्या डब्यात खासच ठेवलं नसेल.

तीन दिवस विचार करतोय. रुचिकाकरवी भाविकाला फोन केला, तिचा निरोप आला, तुम्हीच तळ्याला जा ना. पण जाऊन काय बोलू? तू सांगणार होतीस, ते मी पत्राने, तेही चुकून, तेही अर्धवट सांगून बसलो. पुन्हा एकदा आधीच वाजवली म्हण ना! तू मला क्षमा कर. तू परत गेलीस आणि तो काहीच बोलला नाही, तर दोष माझा, हे त्याला माझ्या नावाने सांग. वाटल्यास हे पत्रच त्याच्यासमोर ठेव.

आज पुनव. बाराच्या सुमारास पाणी भरेल. पोरगा विनेश होडी घेऊन गेलाय, रुचिका बाजारात म्हावरं घेऊन बसलीय. घरात मी आणि मांजर. खाडी आत्ता धक्क्याची तिसरी पायरी चढतेय, वारा नाही, पाणी असं स्वच्छ की पलीकडचा खडक हाताशी आल्यासारखा दिसतो. अशा वेळी वाटतं, गुरुजींना एक विचारायचं राहून गेलं. सहा तास इकडे, सहा तास तिकडे, ठीक आहे. पण मधे एक घटका खाडी कुठेच जात नाही, नुसती उभी राहते. तेव्हा तिचं घर कुठं?

टण्ण.

थांब. पुन्हा आला. टण्ण, टण्ण.

आधी वाटलं, तोच जुना. पण कानाला हात लावून पाहिला, मशीन लावलेलं आहे. मशीन लावल्यावर जुना आवाज येत नाही. म्हणजे हा बाहेरचा आहे. कोणीतरी दाराची कडी वाजवतंय. दार उघडंच आहे आपलं, कडी कोण वाजवणार? ओळखीचा माणूस हाक मारून आत येतो. पोस्टमन असेल. की कमलेश?

बघून येतो.

मैने, हे उभ्यानेच लिहितोय, अक्षर लागलं तर वाच. उंबऱ्याबाहेर सदा आहे. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतोय, वरच्या रस्त्यावरून खाली चालत आलाय. त्याच्या मुठीत माझं पत्र आहे, आणि बगलेत पंचा.